नाईक यशवंत घाडगे : पळसगावचा वीर, इटलीतील स्मृती

नाईक यशवंत घाडगे (१६ नोव्हेंबर १९२१ – १० जुलै १९४४) हे दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर धारातीर्थी पडलेले महाराष्ट्राचे सुपुत्र. त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव हे त्यांचे गाव. पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते नाईक या हुद्द्यावर होते. उत्तर तायबर नदीच्या खोऱ्यात शत्रूचे मशीनगनचे ठाणे त्यांनी एकट्याने काबीज केले आणि त्याच ठाण्यात त्यांना वीरमरण आले. या पराक्रमाबद्दल त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिश साम्राज्याचा सर्वोच्च शौर्यसन्मान देण्यात आला. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

माणगावात त्यांचा पुतळा आहे, तर इटलीतील मोंतोने या गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाचे स्मारक उभे राहिले. पळसगाव आणि मोंतोने या दोन गावांमध्ये हजारो मैलांचे अंतर आहे. एका तरुण सैनिकाच्या बलिदानाने ती कायमची जोडली गेली आहेत.

गाव आणि परिसर

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील डोंगराळ भाग आणि काळ नदीचे खोरे असे माणगाव तालुक्याचे स्वरूप आहे. पावसाळ्यात येथे प्रचंड पाऊस कोसळतो. भाताचे एक पीक निघते आणि मग वर्षाचे उरलेले महिने हाताला काम शोधावे लागते. शिवछत्रपतींची राजधानी असलेला रायगड किल्ला शेजारच्याच महाड तालुक्यात आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणातील अशा गावांतून बाहेर पडण्याच्या दोन वाटा ठरलेल्या होत्या. एक वाट मुंबईच्या कापड गिरण्यांकडे आणि गोदीकडे जात असे. दुसरी वाट पलटणीत जात असे. कुलाबा, रत्नागिरी आणि सातारा हे जिल्हे मराठा पलटणींच्या भरतीचे जुने प्रदेश होते. दरमहा येणारी मनीऑर्डर, निवृत्तीनंतरचे वेतन आणि गावात मिळणारा मान या तिन्ही गोष्टींचे आकर्षण शेतकरी कुटुंबांतील तरुणांना होते. ज्या घरातून आजा किंवा चुलता पलटणीत गेलेला असे, त्या घरातील पुढच्या पिढीला ती वाट परकी वाटत नसे.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर भरतीचा वेग अनेक पटींनी वाढला. युद्ध संपेपर्यंत भारतीय सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर पोहोचली. सक्तीच्या भरतीविना उभे राहिलेले हे जगातील सर्वांत मोठे सैन्य मानले जाते. पळसगावचे यशवंत घाडगे या २५ लाखांपैकी एक होते.

मराठा पलटणीची परंपरा

मराठा लाईट इन्फन्ट्री ही भारतीय सैन्यातील सर्वांत जुन्या पायदळ रेजिमेंटपैकी एक आहे. तिच्या पहिल्या पलटणीची उभारणी १७६८ मध्ये मुंबईत झाली. १९२२ च्या पुनर्रचनेत मुंबई इलाख्यातील मराठा पलटणी एकत्र करून ‘पाचवी मराठा लाईट इन्फन्ट्री’ हे नाव देण्यात आले. रेजिमेंटचे केंद्र बेळगाव येथे आहे. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही तिची युद्धगर्जना आहे.

घाडगे यांची तिसरी पलटण पूर्वी ‘११० वी मराठा लाईट इन्फन्ट्री’ या नावाने ओळखली जाई. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत या ठिकाणी तुर्की सैन्याने ज्या सैन्याला वेढा घातला होता, त्यात ही पलटण होती. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली पूर्व आफ्रिकेतील एरिट्रियात केरेनच्या डोंगराळ मुलखात झालेल्या घनघोर लढाईत ती लढली. तेथे तिचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड यांच्याकडे होते.

हेच रीड पुढे १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत शत्रूच्या हाती सापडले आणि त्यांना इटलीत युद्धकैदी म्हणून ठेवण्यात आले. १९४३ मध्ये तेथून त्यांनी सुटका करून घेतली. १९४४ साली ते दहाव्या भारतीय डिव्हिजनचे सेनापती म्हणून इटलीतच परतले. तिसरी मराठा पलटण याच डिव्हिजनमध्ये होती. पलटणीचा जुना कमांडर आणि त्याचे जवान असे एकाच रणभूमीवर पुन्हा एकत्र आले.

इटलीची मोहीम

१९४३ च्या उत्तरार्धात दोस्त राष्ट्रांच्या सैन्याने इटलीच्या मुख्य भूमीवर पाय ठेवला. इटलीने शरणागती पत्करली, परंतु जर्मन सैन्याने देशाचा ताबा घेऊन प्रत्येक डोंगररांगेवर प्रतिकार सुरू ठेवला. या मोहिमेत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन लढल्या. त्यांतील सैनिकांची संख्या ५० हजारांहून अधिक होती.

कॅसिनोची नाकेबंदी १८ मे १९४४ रोजी फुटली आणि ४ जून रोजी रोम मुक्त झाले. त्यानंतर जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागले. मात्र ही माघार पळापळीची नव्हती. उत्तरेत ‘गॉथिक लाइन’ ही मजबूत संरक्षक फळी उभारण्याचे काम सुरू होते. ती पूर्ण होईपर्यंत दोस्त सैन्याला वाटेत शक्य तितके दिवस अडवून धरावे, असे जर्मन सेनापतींचे धोरण होते. त्यामुळे प्रत्येक टेकडी, प्रत्येक वळण आणि प्रत्येक दगडी घर लढवले जात होते.

उंब्रिया प्रांतातील पेरुजा शहर जूनमध्ये दोस्तांच्या हाती आल्यानंतर दहावी भारतीय डिव्हिजन तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात उतरली. खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना उंच टेकड्या आहेत. टेकडीच्या माथ्यावर बसलेल्या एका मशीनगनच्या माऱ्यात खालची सारी वाट येत असे. रणगाड्यांना अशा मुलखात फारसा वाव नव्हता, म्हणून भार पायदळावर होता. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या मराठा सैनिकांना चढ नवा नव्हता. परंतु येथील प्रत्येक चढावर वरून गोळ्या येत होत्या.

१० जुलै १९४४

त्या दिवशी पलटणीच्या एका कंपनीने शत्रूच्या मजबूत मोर्च्यावर हल्ला चढवला. हल्ल्यात पुढे असलेल्या एका रायफल सेक्शनचे नेतृत्व नाईक यशवंत घाडगे करीत होते. सेक्शन ही पायदळातील सर्वांत लहान तुकडी. तीत साधारण दहा जवान असतात. हुकूम देणारा आणि तो पाळणारे एकमेकांना नावाने, गावाने आणि घरच्या अडचणींसह ओळखत असतात.

या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा भडिमार झाला. त्यात सेक्शनमधील सर्व जवान ठार किंवा जखमी झाले. फक्त नाईक घाडगे उभे राहिले.

पुढे काय घडले ते व्हिक्टोरिया क्रॉसच्या अधिकृत मानपत्रात नोंदवलेले आहे. आपल्यासोबत येण्यास आता कोणीही उरलेले नाही, हे घाडगे यांना पूर्णपणे माहीत होते. तरीही क्षणाचा विलंब न लावता ते एकटेच मशीनगनच्या दिशेने धावून गेले. प्रथम त्यांनी हातबॉम्ब फेकला. त्यामुळे मशीनगन निकामी झाली आणि ती चालवणारा ठार झाला. मग आपल्या टॉमीगनने त्यांनी शत्रूच्या आणखी एका सैनिकाला टिपले. एवढ्यात गोळ्या संपल्या. नवे मॅगझिन चढवण्यास वेळ नव्हता. ठाण्यात शत्रूचे दोन सैनिक अजून शिल्लक होते. घाडगे यांनी बंदूक नळीकडून धरली आणि तिच्या दस्त्याचे घाव घालून त्या दोघांनाही ठार केले.

ठाणे हाती आले, परंतु आजूबाजूच्या आडोशांत शत्रूचे नेमबाज दबा धरून होते. त्यांच्या गोळ्या घाडगे यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. स्वतः एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला.

हा सारा प्रसंग बहुधा काही मिनिटांचाच असेल. आपण जगण्याची शक्यता फारच थोडी आहे याची पूर्ण जाणीव असताना त्यांनी हे पाऊल उचलले, या गोष्टीचा मानपत्रात विशेष गौरव केलेला आहे. आवेशाच्या भरात केलेले साहस आणि परिणाम समोर दिसत असताना पार पाडलेले कर्तव्य यांतील भेद त्या नोंदीने नेमका टिपला आहे. सेक्शनमधील जखमी जवान त्या मशीनगनच्या टप्प्यात पडलेले होते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

मरणोत्तर सन्मान

नाईक घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाल्याची घोषणा नोव्हेंबर १९४४ मध्ये ‘लंडन गॅझेट’मधून करण्यात आली. हे पदक १८५६ मध्ये सुरू झाले. भारतीय सैनिकांना मात्र त्यासाठी दीर्घकाळ पात्र मानले जात नव्हते. १९११ मध्ये ही आडकाठी दूर झाली आणि पहिल्या महायुद्धात भारतीय सैनिकांना प्रथमच हे पदक मिळाले.

इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आले. त्यांपैकी सहा भारतीय सैन्यातील जवानांना मिळाले. शिपाई कमल राम, नाईक यशवंत घाडगे, रायफलमन शेरबहादूर थापा, रायफलमन थमन गुरुंग, शिपाई अली हैदर आणि शिपाई नामदेव जाधव ही ती सहा नावे. यांतील दोन वीर मराठा लाईट इन्फन्ट्रीचे होते. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमज येथील नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवरील लढाईत हा सन्मान मिळवला. ते युद्धानंतर गावी परतले आणि १९८४ पर्यंत जगले. घाडगे यांच्या वाट्याला ते परतणे आले नाही.

थडगे नसलेला सैनिक

यशवंत घाडगे यांच्या पार्थिवाचा निश्चित ठावठिकाणा लागला नाही. अशा सैनिकांसाठी इटलीत कॅसिनो येथील युद्धस्मशानभूमीत स्मारक उभारलेले आहे. इटलीच्या मोहिमेत मरण पावलेल्या आणि ज्यांच्या अंत्यस्थानाची माहिती नाही अशा राष्ट्रकुलातील चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे तेथे कोरलेली आहेत. घाडगे यांचे नाव त्यांत आहे.

इटलीच्या मोहिमेत भारतीय सैन्यातील ५,७८२ जणांनी प्राण गमावले. जखमी आणि बेपत्ता धरून हानीचा एकूण आकडा २३,७२२ इतका आहे. मृत भारतीय सैनिकांच्या स्मृती इटलीभर विखुरलेल्या सुमारे ४० युद्धस्मशानभूमींत जतन केलेल्या आहेत. त्यांच्या गावांत मात्र बहुतेकदा तारेचा कागद, पदक आणि निवृत्तिवेतनाची कागदपत्रे एवढेच पोहोचले. ज्या कुटुंबाला अंत्यदर्शन घडले नाही, रक्षाही हाती आली नाही, त्या कुटुंबासाठी दूरदेशीच्या शिळेवरील नाव हाच शेवटचा पुरावा राहिला.

एक जिल्हा, दोन बलिदाने

घाडगे इटलीत लढत होते, तेव्हा भारत स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव मुंबईत झाला होता. त्याच लढ्यात कुलाबा जिल्ह्याचेच सुपुत्र, माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल भूमिगत झाले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात ब्रिटिश सरकारच्या पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील हुतात्मा झाले.

दीड वर्षाच्या अंतराने एकाच जिल्ह्यातील दोन तरुणांनी प्राण दिले. एक ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढताना, तर दुसरा त्याच सत्तेच्या सैन्यात राहून नाझी जर्मनीविरुद्ध लढताना. स्वातंत्र्यानंतर महायुद्धातील भारतीय सैनिकांच्या आठवणीला सार्वजनिक जीवनात बराच काळ दुय्यम स्थान मिळाले, त्यामागे हाच पेच होता. हे युद्ध भारताला न विचारता भारतावर लादले गेले होते. त्यात मेलेल्यांना देशासाठी मेलेले म्हणावे काय, असा प्रश्न उपस्थित केला जाई.

या प्रश्नाचे उत्तर गावांनी आपल्या परीने दिले. कोकणातील माणसाला दोघांच्याही स्मृतीचा अभिमान वाटतो. कोतवालांचे स्मरण सिद्धगडावर होते आणि घाडगे यांचे माणगावात. पलटणीतील सैनिकाची पहिली निष्ठा शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याशी आणि पलटणीच्या नावाशी असते. युद्ध कोणी आणि का पुकारले याचा निर्णय त्याच्या हाती नसतो. शिवाय ज्या राजवटीविरुद्ध तो लढला, ती मानवजातीला ग्रासू पाहणारी राजवट होती, ही बाबही इतिहासाने निर्विवादपणे सिद्ध केली आहे.

माणगावातील स्मरण

मुंबई-गोवा महामार्गावरील माणगाव हे तालुक्याचे मुख्य ठिकाण. येथे नाईक घाडगे यांचा पुतळा उभारलेला आहे. माजी सैनिक, विद्यार्थी आणि परिसरातील नागरिक येथे त्यांना अभिवादन करतात. कोलाडहून महाडकडे जाणाऱ्या प्रवाशाच्या वाटेवरच हे गाव आहे. लष्करात भरती होऊ इच्छिणाऱ्या तालुक्यातील तरुणांसाठी हे नाव आजही प्रेरणास्थान आहे.

लंडनमध्ये २००२ साली राष्ट्रकुलातील सैनिकांच्या स्मरणार्थ ‘मेमोरियल गेट्स’ उभारण्यात आले. तेथील छत्रीच्या आतील भागावर दोन्ही महायुद्धांतील व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉस विजेत्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांतही घाडगे यांचा समावेश आहे.

मोंतोने येथील सूर्यघड्याळ

मोंतोने हे पेरुजा प्रांतातील टेकडीवर वसलेले, तटबंदी असलेले मध्ययुगीन गाव. पंधराव्या शतकातील प्रसिद्ध सेनानी ब्राच्चो दा मोंतोने याच्या नावाने ते इटलीच्या इतिहासात ओळखले जाते. तायबरच्या वरच्या खोऱ्यातील १९४४ च्या लढाया याच परिसरात झाल्या.

जुलै २०२३ मध्ये मोंतोनेच्या नगरपालिकेने आणि इटालियन लष्करी इतिहासकारांनी येथे ‘व्ही. सी. यशवंत घाडगे सूर्यघड्याळ स्मारका’चे अनावरण केले. इटलीतील भारताच्या तत्कालीन राजदूत डॉ. नीना मल्होत्रा या सोहळ्याला उपस्थित होत्या. स्मारकावर लॅटिन भाषेतील एक बोधवाक्य आहे. आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो, असा त्याचा आशय आहे.

स्मारकासाठी सूर्यघड्याळाची निवड अर्थपूर्ण आहे. त्यावर बंदूक वा तलवार नाही. दिवस सरकतो तशी सावली फिरते आणि वेळ दाखवते. ज्या उन्हात पळसगावच्या शेतात भात पिकते, तेच ऊन उंब्रियातील जैतुनाच्या बागांवर पडते. आपल्या गावाच्या मुक्तीसाठी परक्या देशातील, परक्या भाषेच्या तरुणांनी रक्त सांडले, याची जाणीव जवळजवळ ऐंशी वर्षांनंतरही तेथील नागरिकांनी ठेवली, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे.

त्यापूर्वी जुलै २०२१ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या हस्ते कॅसिनो येथे भारतीय सैनिकांच्या स्मारकाचे उद्घाटन झाले होते. जून २०२४ मध्ये जी-७ परिषदेच्या निमित्ताने पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि इटलीच्या पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी यांची भेट झाली. इटलीच्या मोहिमेतील भारतीय सैन्याच्या योगदानाची दखल घेतल्याबद्दल मोदी यांनी त्या वेळी इटलीचे आभार मानले आणि मोंतोने येथील घाडगे स्मारकाचा दर्जा भारत उंचावणार असल्याचे सांगितले. एका तालुक्यापुरते मर्यादित असलेले नाव अशा रीतीने दोन देशांच्या संवादाचा विषय झाले.

पलटणीचा पुढील प्रवास

घाडगे यांच्या पलटणीचा इतिहास इटलीत संपला नाही. १९४६ मध्ये तिचे रूपांतर छत्रीधारी पलटणीत करण्यात आले. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडमध्ये ती लढली आणि झांगर परत जिंकण्याच्या लढाईत तिने भाग घेतला. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची स्थापना झाली, तेव्हा तिला ‘दुसरी पॅरा (मराठा)’ हे नाव मिळाले.

११ डिसेंबर १९७१ रोजी त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानातील टांगाईल येथे याच पलटणीचे जवान विमानांतून उतरले. पाकिस्तानी सैन्याची ढाक्याकडे माघार घेण्याची वाट त्यांनी रोखली. पाच दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली आणि बांगलादेश मुक्त झाला. साम्राज्याच्या सेवेत घडलेली पलटण आता स्वतंत्र भारताच्या ध्वजाखाली लढत होती. एका लहानशा सेक्शनच्या नाईकाने इटलीच्या टेकडीवर राखलेली परंपरा अशा प्रकारे स्वतंत्र राष्ट्राच्या वारशाचा भाग बनली.

दृष्टिक्षेपात

पूर्ण नाव : यशवंत घाडगे
जन्म : १६ नोव्हेंबर १९२१
मूळ गाव : पळसगाव, तालुका माणगाव, जिल्हा कुलाबा (१९८१ पासून रायगड)
हुद्दा : नाईक
पलटण : तिसरी पलटण, पाचवी मराठा लाईट इन्फन्ट्री
वीरमरण : १० जुलै १९४४, उत्तर तायबर खोरे, इटली
सन्मान : व्हिक्टोरिया क्रॉस (मरणोत्तर), १९४४
स्मारके : माणगाव येथील पुतळा, कॅसिनो स्मारक, मेमोरियल गेट्स, लंडन, सूर्यघड्याळ स्मारक, मोंतोने (२०२३)